पुस्तका, तू कुणाचं?

कारा-बुलुंग गावात एकशे त्र्याऐंशी उंबरे, आणि महिन्यातून एकदा त्यातला प्रत्येक उंबरा अनारकान ओलांडणारच. ती विजेचे मीटर वाचायची. एकोणीस वर्षं हेच काम. मीटर वाचायला दोन मिनिटं पुरतात, पण किर्गिझ मुलखातल्या नारीनच्या डोंगरात दोन मिनिटांसाठी आलेलं माणूस चहा न पिता गेलं तर घरातल्या बाईचं मन आठवडाभर चुकचुकत राहतं. म्हणून प्रत्येक घरी दुधाचा चहा, तळलेल्या कणकेच्या बोरसोकांचा ढीग, जर्दाळूचा मुरंबा, आणि समोर कुणीतरी म्हातारी हटकून बसलेली. "तुझी आत्या अन् माझी जाऊ एकाच गावच्या ना गं?" असं करत करत मीटरच्या आकड्यांबरोबर गावाची सगळी नाती अनारकानच्या डोक्यात जाऊन बसली.

बेइशेनची गोष्ट इथेच सांगून टाकावी, नाहीतर राहून जाईल. या बेइशेननं एकदा मीटर काढून उलटा टांगला. आकडे मागे फिरतील असा त्याचा होरा. मीटर मागेही फिरला नाही, पुढेही फिरला नाही, नुसता धूर सोडायला लागला. अनारकान आली, बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "बेइशेन, घोड्याला उलटा टांगला तर तो आल्या वाटेनं घरी जातो का रे?" त्या दिवसापासून तिच्या वाटेला कुणी गेलं नाही.

तर नाती. आमच्यात सात बापांची नावं न सांगता येणाऱ्या माणसाला लोक तोंडावर हसत नाहीत, पण जेवणात मानाचा तुकडाही देत नाहीत. आपला बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असं सातापर्यंत. गावाची ही सगळी वंशावळ, तिला सांजीरा म्हणतात, तोक्तोनाली अतांकडे होती. अता म्हणजे घरातला किंवा गावातला वडीलधारा. चौऱ्याऐंशी वय, पांढरी दाढी, शाळेच्या अकरा वह्या आणि जांभळी शाई. वह्यांत फक्त मुलगे. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली अता एक छोटं वर्तुळ काढायचे, दोराला गाठ मारावी तसं, आणि पुढच्या माणसाकडे वळायचे.

अनारकानचे वडील शामेन. त्यांना एकच लेकरू, आणि ते अनारकान. शामेनच्या नावाखाली गाठ होती.

मार्चमध्ये मीटर वाचून झाल्यावर चहाचा तिसरा कप हातात असताना तिनं विषय काढला.

"अता, माझ्या वडिलांखालची ती गाठ सोडा ना."

"सोडून काय करू, पोरी? मुली लिहायला घेतल्या असत्या तर अकराच्या बावीस वह्या झाल्या असत्या. कागद कुठनं आणला असता? आमच्या वेळी वही मागायला तालुक्याला जावं लागायचं."

"आणि न संपणारा कागद मिळाला तर?"

"असा कागद कुठे असतो गं?"

"फोनात. माझी लेक मिरीम तिकडे रशियातून, येकातेरिनबुर्गहून, मला पानंच्या पानं दाखवते. खालपर्यंत सरकवत जा, संपतच नाहीत. अख्खी सांजीरा बसेल, लेकीबाळींसकट."

अतांनी दाढीवरून हात फिरवला. म्हातारा लबाड नव्हता, पण सावध होता. "वह्या शरदात बिश्केकला पुतण्याकडे जायच्यात. तो छापणार आहे. एकदा छापलं की गाठ म्हणजे गाठ. गुरं डोंगरावरून उतरतील तोवर तुला वेळ. मला माझ्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे, कुणी वाचून दाखवलेलं चालायचं नाही."

घरी नवऱ्याला, एसेनला, हे सांगितलं तेव्हा तो घोड्याचा लगाम शिवत होता. "त्यात काय, नारीनमध्ये पोरं करून देतात की अशी पानं. एका आठवड्यात."

"देतील हो. पण गावात वर्षाला तीसेक बाळं जन्मतात. प्रत्येक बाळासाठी त्यांच्या दारात जाऊन उभी राहू? माझं मलाच लिहिता आलं पाहिजे."

"मग शीक," एसेन म्हणाला, आणि सुई ओढता ओढता पुढे जोडून दिलं, "मीटर तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आली होतीस."

रविवारी ती नारीनच्या बाजारात गेली. घोड्याची खोगिरं आणि जुने टायर यांच्या मध्ये ल्यूबा पेत्रोव्नाचं पुस्तकांचं दुकान, म्हणजे एक लोखंडी खाट आणि वर ताडपत्री. वेबची पानं कशी करायची यावर तिच्याकडे चार पुस्तकं निघाली, सगळी रशियनमध्ये. एक विटेएवढं जाड. एक चकचकीत, मुखपृष्ठावर रॉकेट. एक पातळ, साधं, राखाडी. आणि एकाची पानं चहात बुडवल्यासारखी पिवळी.

"कुठलं देऊ?" ल्यूबानं विचारलं.

"सगळ्यात म्हातारं."

"बाई, हे पुस्तक आहे. मुरवलेलं लोणी नव्हे."

"मूळ पुरुष माहीत नसताना नातवंडांशी काय बोलू मी?"

ल्यूबानं खांदे उडवले आणि पिवळं पुस्तक कागदात गुंडाळलं. शेवटच्या पानावर छापल्याचं साल होतं, १९९८. अनारकानला ते बघून बरं वाटलं. मुळापासून सुरुवात करतोय याचं समाधान. इथेच तिचं चुकलं, पण हे कळायला तिला चार महिने लागायचे होते.

गावच्या शाळेत संगणकाची खोली होती, आणि तिची किल्ली उल्जानकडे. उल्जान गणित शिकवायची, पस्तिशीची, जिभेला धार. अनारकान पहाटे गाय पिळून, दूध गाळून, शाळेची घंटा व्हायच्या आत दीड तास तिथे बसायला लागली. आणि गंमत बघा, तिला ते आवडायला लागलं. एक ओळ लिहायची, जतन करायची, आणि पडद्यावर खरंच काहीतरी उमटतं! मूळ पुरुषाचं नाव पहिल्यांदा पडद्यावर आलं त्या दिवशी तिनं गल्लीतल्या तीन घरांचे मीटर दोनदोनदा वाचले, इतकं डोकं हवेत.

पिवळ्या पुस्तकाची रीत अशी, की पान म्हणजे एक तक्ता. तक्त्यात तक्ता, त्याच्या पोटात आणखी तक्ता. रंग हवा असेल तर तो प्रत्येक नावाच्या अंगावर वेगळा लिहायचा. चौथ्या प्रकरणात तर जादूच होती. एक खूण लिहिली की नाव काजव्यासारखं उघडझाप करतं म्हणे. मूळ पुरुषाचं नाव उघडझाप करणार! अनारकाननं ती खूण लिहिली. नाव ढिम्म. परत लिहिली. चार दिवस ती एकच ओळ लिहीत होती. पाचव्या दिवशी उल्जान मागे येऊन उभी राहिली.

"एजे, काय चाललंय?" एजे म्हणजे मोठी बहीण, मीटरवाल्या बाईला अख्खं गाव तेच म्हणायचं.

"पुस्तकात लिहिलंय तसंच करतेय. उघडझाप होत नाही. माझाच काहीतरी हात चुकतोय."

उल्जानचंही वेबचं ज्ञान बेताचंच. अनारकाननं उघडझाप सोडली आणि बाकीचं रेटलं. जुलै उजाडेपर्यंत पहिल्या तीन वह्या पडद्यावर आल्या. शाळेच्या मोठ्या पडद्यावर पान असं दिसायचं की बघत राहावं. मधोमध मूळ पुरुष, फांद्या डावीकडे, फांद्या उजवीकडे. तळाशी पुस्तकानं सांगितलं तसं इमानानं लिहिलेलं होतं की हे पान आठशे ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद पडद्यावर उत्तम दिसेल.

मग ते पान इंटरनेटवर चढवून ती अतांकडे गेली. नातवानं टाकून दिलेला, कोपऱ्याला तडा गेलेला फोन अतांनी खिशातून काढला. पान उघडलं.

अतांनी फोन जवळ नेला. लांब नेला. चष्मा काढून पुसला.

"मुंग्या आहेत का गं या?"

"मोठं करा, अता. दोन बोटांनी."

मोठं केलं तर मूळ पुरुष दिसायचा, पण मुलगे पडद्याबाहेर जायचे. मुलांकडे सरकवलं तर बाप गायब. अता बोटानं ओढत होते, विहिरीतून दोर ओढावा तसे, आणि तळाशी पोचल्यावर त्यांनी ते आठशे ठिपक्यांचं मोठ्यानं वाचलं. "म्हणजे कागद अमर्याद, पण डोळा मी नवीन आणायचा?"

घरात बसलेल्या दोघातिघांना हसू आवरेना. अतांनाही. फक्त अनारकान हसली नाही. निघताना अता म्हणाले, "गुरं अजून वर आहेत, पोरी," आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, कारण त्यांना तसं म्हणायची काही गरज नव्हती.

ती सरळ उल्जानकडे गेली. उल्जान अंगणात टोमॅटोला आधार बांधत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तक कधीचं?"

"अठ्ठ्याण्णवचं. सगळ्यात जुनं बघून घेतलं. मुळापासून यावं म्हणून."

"एजे, सात बाप म्हणून दाखवा बरं."

"आता? शामेन, जुमाली, सातार, एर्केबाय..."

"थांबा. सुरुवात कुठून केलीत?"

"माझ्या वडिलांपासून. अशीच करतात."

"मग पुस्तकांत उलटं का केलंत? सातव्या बापाचं नाव माहीत असावं. पण चहा प्यायला त्याच्याकडे जाता का? चहा जिवंत माणसाकडे प्यायचा, आणि तिथून एकेक पायरी वर चढायचं."

अनारकान टोमॅटोच्या काठीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "चार महिने मी थडग्यावर बसून चहा पितेय तर."

पण हार मानण्यातली ती नव्हती. आणि आता तिची खरी मजा सुरू झाली. मीटर तपासताना तिच्याकडे एक पक्का मीटर असायचा. संशय आला की त्याच वायरीला तो लावायचा आणि दोघांचे आकडे ताडून बघायचे. पुस्तकांनाही तिनं तेच लावलं. एक बाप, दोन मुलगे, एक मुलगी, एवढंच पान, आणि तेही फोनवर चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. जे पुस्तक, जो धडा हे करायला शिकवेल तो खरा. शिवाय अनोळखी माणूस दारात आला की आपण विचारतो ते प्रश्न: तू कुणाचं, जन्म कधीचा, आणि माझ्या घरात येऊन करणार काय?

पुढच्या रविवारी ल्यूबाच्या खाटेपाशी ती बसलीच ठाण मांडून.

"पुन्हा म्हातारं हवंय?"

"नको. आज मुलाखत घ्यायचीय."

विटेएवढ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथेच लिहिलेलं, की वाचकाला संगणकाची अमुक भाषा आधीच चांगली येते असं आम्ही धरून चालतो. "मग ती शिकवणारा याचा बाप कुठाय?" ल्यूबानं खाटेखाली, मागे, पोत्यात शोधलं. बाप नव्हता. वीट परत खाटेवर. रॉकेटवालं पुस्तक गेल्याच वर्षी जन्मलेलं, पण उघडावं तिथे चकचकीत चित्रं आणि स्वतः करून बघायला एकही गोष्ट नाही. अनारकान म्हणाली, "हा पाहुणा नुसता खाऊन जाणार."

राखाडी पातळ पुस्तकाला मात्र तिनं तीनदा उलटंपालटं केलं. दोनशे बारा पानं, जन्म तीन वर्षांपूर्वीचा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, आता हे तुम्ही करा, असं काम. मधलंच एक पान काढून तिनं तक्त्याबद्दल काय लिहिलंय ते बघितलं, कारण तक्ता तिला आता नीट कळत होता. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, की तक्ता आकड्यांसाठी आहे, पान मांडायला वापरू नका. पूर्वी वापरायचे, त्याला कारण होतं, ते कारण आता उरलेलं नाही. अनारकाननं पुस्तक छातीशी धरलं. "हे खोटं बोलत नाही. बापाला नावंही ठेवत नाही."

"वीस वर्षं पुस्तकं विकतेय," ल्यूबा म्हणाली, "असं गिऱ्हाईक नाही बघितलं. पुस्तकं घ्यायला आलीस की सून बघायला?"

पुस्तकाबाहेरही शोध चालूच. फोनवर एक तरुण अकरा तासांचे धडे मोफत द्यायचा. मुलगा गोड, पण बोलायचा असा की घोड्यामागे कुत्री लागलीत. दोन तास बघितल्यावर अनारकानच्या लक्षात आलं की आपला हात हललाच नाही, नुसतं दुसऱ्याला कणीक मळताना बघितलं. त्याला तिनं संध्याकाळी, भाकरी भाजताना ऐकायला ठेवलं. एक पैसे भरून घ्यायचा वर्ग होता. तीन महिन्यांत कुणालाही तज्ज्ञ करू म्हणे. तिनं निरोप धाडून विचारलं, धडे कोणत्या सालचे? उत्तर आलं, आजच नाव नोंदवा, सवलत आहे. तिनं परत तेच विचारलं. परत सवलत आली. विषय संपला.

उल्जाननं बिश्केकच्या काही विद्यार्थ्यांनी किर्गिझमध्ये केलेलं एक भाषांतर आणून दिलं. चारच प्रकरणं झाली होती, पुढे पोरांची परीक्षा आली असावी. पण आपल्या भाषेत! अनारकाननं ती चार प्रकरणं दोनदा वाचली आणि जे शब्द रशियनमध्ये दगडासारखे वाटायचे ते मऊ झाले. सगळ्यात मोठा शोध मात्र एका मोफत संदर्भस्थळाचा. त्यात प्रत्येक खुणेचं स्वतःचं पान, ती काय करते, अजून चालते की नाही, सगळं लिहिलेलं. तिथे तिला ती उघडझापवाली खूण सापडली. वर ठळक नोंद होती, की ही आता वापरात नाही, कुठेही चालत नाही.

"अगं, ही तर मेलीय!" ती ओरडली तशी खोलीतली उल्जान दचकली. "माझा हात चुकत नव्हता! मी चार दिवस मेलेल्या माणसाला हाक मारत होते!" इतका आनंद तिला खूण चालली असती तरी झाला नसता.

ऑगस्टच्या सुरुवातीला एसेन कुरणावरचा तंबू हलवायला निघाला आणि ती मदतीला गेली. आमचा लोकरी तंबू, म्हणजे आधी लाकडाची जाळी उभी करायची, मग तिच्यावर नमदा, दाबलेल्या लोकरीची जाड चादर. जागा अरुंद असली तर जाळी थोडी मिटायची, ऐसपैस असली तर ताणायची, नमदा तोच. जाळी ताणता ताणता ती मध्येच थांबली.

"काय झालं?" एसेन म्हणाला. "दोर धर की."

"अहो, पिवळ्या पुस्तकानं मला नमदा लाकडाला खिळ्यांनी ठोकायला शिकवलं! म्हणून पान मिटत नाही. राखाडी म्हणतंय लाकूड वेगळ्या कागदावर लिही, नमदा वेगळ्या कागदावर. आता कळलं का ते!"

"फार छान," एसेन म्हणाला, "पण हा तंबू आता माझ्या डोक्यावर पडतोय."

गावात परतल्यावर तिनं जुनं सगळं पुसलं. पान उभं करणारं एचटीएमएल म्हणजे जाळी, त्याला रंगरूप देणारं सीएसएस म्हणजे नमदा, हे एकदा मनात बसलं आणि हात भराभर चालायला लागला. नावाला बोट लावलं की खालची मुलं उघडावीत, परत लावलं की मिटावीत, हे हवं होतं. त्यासाठी जावास्क्रिप्ट नावाची तिसरी भाषा लागणार असं तिला वाटलं, आणि सप्टेंबर तर दारात. पण संदर्भस्थळ चाळताना दिसलं, की उघडायला-मिटायला एचटीएमएलमध्येच खूण आहे, पिवळ्या पुस्तकानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. तिसरी भाषा तिनं हिवाळ्यासाठी राखून ठेवली, तळघरात बटाटे ठेवावेत तशी.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुरं उतरली. रस्ताभर धूळ, मेंढ्यांचा कालवा, कुत्र्यांची धावपळ. अता भिंतीच्या उन्हात बाकावर बसले होते. अनारकान मीटर वाचायला म्हणून आली, पण मीटरकडे गेलीच नाही.

"फोन काढा, अता."

अतांनी तडा गेलेला फोन काढला. पान उघडलं. पडद्यावर एकच नाव होतं, मूळ पुरुषाचं, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत. अता थोडा वेळ बघत राहिले. चष्म्याकडे हात गेला नाही.

"बोट लावा."

बोट लावलं. चार मुलगे खाली उतरले, एकाखाली एक, सगळे पडद्याच्या आत. दुसऱ्याला लावलं, त्याची मुलं उघडली. म्हातारा खुलला. आता कुणी काही सांगायची गरज नव्हती, अता स्वतःच उतरत होते, नावं पुटपुटत, अधूनमधून, "हा चोर होता," "यानं नदीवर पूल बांधला," असं सांगत. सातार. जुमाली. शामेन.

शामेनच्या नावाला बोट लावलं. उघडलं, पण आत काहीच नव्हतं. गाठही नाही, नावही नाही. रिकामी जागा.

"इथे काय?"

"काही नाही, अता."

"तू स्वतःचं नाव का नाही लिहिलंस? हात तुझा, पान तुझं. मला कळलंही नसतं."

"सांजीरेत आपलं नाव आपण लिहीत नसतो. जो राखतो त्यानं उच्चारायचं असतं. तुम्हीच शिकवलंयत."

मेंढ्या पुढे निघून गेल्या. धूळ बसली तेव्हा त्यांनी खाकरून घसा साफ केला, लग्नात आशीर्वाद देण्याआधी करतात तसा.

"शामेनची मुलगी अनारकान. अनारकानची मुलगी मिरीम. मिरीमचा मुलगा... काय त्याचं नाव?"

"अर्सेन."

"अर्सेन. लिही."

अनारकाननं पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. तिला वाटलं झालं, उठायला हरकत नाही. पण अता फोन मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले होते.

"माझ्या पाच बहिणी," ते म्हणाले. "कानिम थोरली. तिला खिंडीपलीकडे दिली होती, तीन मुली, नावं सांगतो. मग बुरुल..."

"अता, तुम्हाला सगळ्या पाठ आहेत?"

"पाठ नसायला काय झालं? कागद नव्हता म्हणून लिहिल्या नाहीत, विसरलो कुठे?" मग एक डोळा उघडून म्हणाले, "जागा पुरेल ना गं? बघ हं, आत्ताच सांग. आत्यांकडे अजून पोचलोच नाही मी."

"पुरेल, अता. फक्त जरा सावकाश सांगा."

"मग चहा मागव," तोक्तोनाली अता म्हणाले, आणि बुरुलच्या मुलींवर आले.